एकशे त्रेचाळीस कोऱ्या पाट्या

खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात दाखल व्हायच्या सकाळी ग्लेनिस पॅजेटने नवऱ्याच्या हातात कामांची यादी ठेवली. यादीतलं शेवटचं काम दोनच शब्दांचं होतं: ‘पाट्या धुणे’.

तिला म्हणायच्या होत्या फाटकावरच्या पाट्या. फेब्रुवारीतल्या तिसऱ्या रविवारी त्यांची बाग लोकांना खुली असायची. त्या दिवसापुरत्या ‘गाड्या शेतात लावा’, ‘कुत्री दोरीला बांधा’ आणि ‘चहा मागच्या दारी’ अशा तीन लाकडी पाट्या अडगळीच्या खोलीतून बाहेर निघत. ऑल्डरकोट हे श्रॉपशरमधलं चाळीस घरांचं गाव, पण त्या रविवारी तिथे चार परगण्यांतून माणसं येत, ती ग्लेनिसचे स्नोड्रॉप पाहायला. झाडांवर अजून पान नसायचं, जमीन गारठून कडक झालेली असायची, आणि ही माणसं गुडघ्याखाली रबरी चटई घालून वीतभर उंचीच्या पांढऱ्या फुलांची हनुवटी बोटाने वर करायची आणि आतली हिरवी खूण निरखत बसायची.

क्लेमंट पॅजेटला त्या खुणांतलं काही कळत नव्हतं. छत्तीस वर्षं तो पाणीपुरवठा खात्यात तपासनीस होता. गळणारा नळ त्याला शेजाऱ्याच्या घरातला सुद्धा ऐकू यायचा, पण बायकोच्या काचघरात एकशे त्रेचाळीस कुंड्यांमध्ये त्याला एकशे त्रेचाळीस वेळा तेच फूल दिसायचं. लाकडी पाट्या अडगळीत होत्या, त्यामुळे त्याला आठवल्याच नाहीत. त्याला आठवल्या त्या कुंड्यांत खोचलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या. त्या शेवाळाने हिरव्या पडल्या होत्या, तेव्हा काम कुठलं याबद्दल त्याला शंका उरली नाही.

आणि अर्धवट काम क्लेमंटला जमत नसे. सोमवारी सकाळी त्याने सगळ्या पट्ट्या उपटल्या. पट्ट्या निघाल्याच आहेत तर फळ्याही घासून घ्याव्यात म्हणून सगळ्या कुंड्या अंगणात काढल्या. फळ्या वाळल्यावर त्या परत लावल्या, पण पूर्वीसारख्या वेड्यावाकड्या नाही. लहान कुंड्या पुढे, मोठ्या मागे, सरळ रांगेत. मग पट्ट्या गरम पाण्यात भिजवून, भांडी घासायची पावडर आणि तारेचा चोथा घेऊन त्याने एकेक पट्टी दोन्ही बाजूंनी लख्ख केली. स्वयंपाकघरातल्या टॉवेलवर वाळत घातलेल्या त्या पांढऱ्याशुभ्र पट्ट्यांकडे तो समाधानाने पाहत उभा राहिला. कोणती पट्टी कोणत्या कुंडीत खोचायची हे बघायला त्याने पहिली उचलली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. मग दुसरी. मग तिसरी.

ग्लेनिस नावं पेन्सिलीने लिहायची.

क्लेमंट खुर्चीवर बसला. थोड्या वेळाने उठून त्याने ग्लेनिसची वही शोधली. वहीत सगळं होतं. कोणतं फूल, कोणाकडून आलं, कोणत्या कुंडीत लावलं. फक्त शेवटची नोंद बारा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली होती. पुढची पानं कोरी होती, त्या पट्ट्यांसारखीच.

मंगळवारी इस्पितळात जाताना त्याने ठरवलं होतं की सरळ सांगून टाकायचं. पण ग्लेनिस उशीला टेकून बसली होती, चेहरा उतरलेला होता, आणि नर्सने दारातच बजावलं होतं की बाईंना जास्त बोलायला लावू नका.

“ते तुझं... ते मिसेस फेदरस्टन म्हणतात ते फूल,” क्लेमंट म्हणाला, “ते दिसायला नक्की कसं असतं?”

ग्लेनिसने उशीवरून मान उचलली. “का रे?”

“सहज. काचघरात गेलो होतो काल. म्हटलं, बघावं जरा.”

ग्लेनिसच्या डोळ्यांत पाणी आलं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने एका फुलाचं नाव स्वतःहून विचारलं होतं. तिने त्याचा हात धरला. “तू बघितलंस? खाली वाकून बघितलंस?”

“अगदी एकेक कुंडी हातात घेऊन,” क्लेमंट म्हणाला. हे तर खरंच होतं.

मग अर्धा तास ती बोलत होती. मिसेस फेदरस्टनच्या आतल्या पाकळीवर उलटा बदाम असतो. कॅनन पिमच्या तोंडावर दोन ठिपके, डोळ्यांसारखे. क्लेमंटने सगळं ऐकलं, त्यातलं दारापर्यंतसुद्धा काही लक्षात राहिलं नाही, आणि खरं सांगायची वेळ निघून गेली ती गेलीच.

बुधवारी सकाळी त्याने डेस्मंड थ्रॉवरला फोन केला. डेस्मंड दोन मैलांवर राहणारा निवृत्त औषधविक्रेता होता. गळ्यात कायम भिंग असायचं, आणि स्नोड्रॉपच्या लोकांत त्याचा शब्द शेवटचा मानला जायचा. तो आला, काचघराच्या दारात थबकला आणि सरळ रांगांकडे पाहून त्याने टोपी काढली. कोणी गेल्यावर काढतात तशी.

“तारेच्या चोथ्याने?” त्याने विचारलं.

“पावडरही लावली होती.”

“अरे देवा.”

पण डेस्मंड कामाला लागला. भिंग डोळ्याला लावून तो एकेक फूल वर करी, पानांची घडी बघे, वास घेई आणि नाव सांगे. संध्याकाळपर्यंत सत्त्याऐंशी कुंड्या झाल्या. मग तो थांबला.

“उरलेल्या मला नाही यायच्या. या सगळ्या पिवळ्या देठाच्या आणि पाकळ्या दुमडलेल्या जाती. यांतलं कळणारं एकच माणूस आहे या भागात.”

“कोण?”

डेस्मंडने भिंग खिशात ठेवलं. “ते नाव मी घेत नाही.”

नाव सगळ्यांना माहीत होतं. बेरिल ऑकेंडन, निवृत्त शाळामास्तरीण. पूर्वी डेस्मंड आणि बेरिल जिवलग मित्र होते. फेब्रुवारी लागला की दोघं डेस्मंडच्या गाडीतून गावोगावच्या बागा पालथ्या घालत. मग ग्लेनिसने दोघांना एकाच दिवशी ॲबिगेल नावाच्या दुर्मिळ फुलाचा एकेक कंद दिला. ॲबिगेलच्या बाहेरच्या तिन्ही पाकळ्यांच्या टोकाला हिरवा थेंब असतो. डेस्मंडच्या कंदाला थेंबवालं फूल आलं, बेरिलच्या कंदाला साधं पांढरं. त्याच हिवाळ्यात बेरिल बहिणीकडे गेली असताना तिच्या मांजराला खायला घालायला डेस्मंड चार दिवस तिच्या घरी जात होता. कुंडीतला कंद त्यानेच बदलून नेला, असं तिने धरलं. ग्लेनिस दर फेब्रुवारीत भरवायची त्या स्नोड्रॉपवाल्यांच्या वार्षिक जेवणात बेरिल सगळ्यांसमोर म्हणाली, “मिस्टर थ्रॉवरना माझ्या मांजरापेक्षा माझ्या कुंड्या जास्त आवडल्या.” डेस्मंड म्हणाला, “ज्या बाईच्या हातून कांदासुद्धा जगत नाही, तिने ॲबिगेलचं नाव घेऊ नये.” त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला तो बसायचा, दुसऱ्या टोकाला ती.

पण रविवार तोंडावर आला होता. क्लेमंटने कोणाला न सांगता बेरिलला फोन केला, आणि गुरुवारी सकाळी दहा वाजता ती काचघरात शिरली तेव्हा डेस्मंड आत आधीच गुडघ्यावर होता.

“क्लेमंट,” बेरिल म्हणाली, “या गृहस्थांना सांगा, मी फक्त ग्लेनिससाठी आले आहे.”

“क्लेमंट,” खालून डेस्मंड म्हणाला, “बाईंना सांगा, मीही तिच्याचसाठी आलोय. आणि त्यांचा पाय माझ्या चटईवर पडलाय.”

पहिला तासभर असाच गेला. काचघर नऊ पावलं लांब होतं, दोघांनाही एकमेकांचं स्वच्छ ऐकू येत होतं, तरी प्रत्येक वाक्य क्लेमंटमार्फत जाई. “यांना विचारा, हे कॅनन पिम कशावरून?” “बाईंना सांगा, डोळे दोन आहेत म्हणून.” “यांना सांगा, डोळे दोन माझ्या मांजरालाही आहेत.” अकराच्या सुमाराला क्लेमंटला सगळे शब्द सारखे ऐकू यायला लागले आणि त्याने डेस्मंडचं उत्तर डेस्मंडलाच दिलं. मग चहा करतो म्हणून तो आत सटकला.

चहा, लोणच्याचे सँडविच असा सरंजाम घेऊन तो परतला तेव्हा आतून थेट भांडण ऐकू येत होतं.

“अहो, खालून बघा ना! वरून काय दिसणार?”

“खाली बसले तर मला उठवणार कोण?”

“मी.”

“तुम्हाला आधी कोण उठवणार?”

हा प्रश्न रास्त निघाला. दोघंही खाली बसले आणि दोघांनाही उठता येईना. क्लेमंटने ट्रे ठेवला आणि आधी बेरिलला हात दिला, मग बेरिल आणि तो मिळून डेस्मंडला. त्या ओढाताणीत डेस्मंडचं भिंग बेरिलच्या गळपट्ट्यात अडकलं आणि ते सोडवेपर्यंत दोघांना बराच वेळ एकमेकांच्या नाकाशी नाक लावून उभं राहावं लागलं. सुटका झाल्यावर क्लेमंटमार्फत बोलायचं कोणाला सुचलं नाही.

दुपारपर्यंत एकशे बेचाळीस कुंड्यांना नावं मिळाली. बेरिलने चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या होत्या, त्यामुळे ग्लेनिसचं उजवीकडे कललेलं अक्षर तिला सहज काढता आलं. पट्ट्या तिनेच लिहिल्या. शेवटची कुंडी सगळ्यांत लहान होती, म्हणून क्लेमंटच्या शिस्तीत पहिल्या रांगेत आली होती. बेरिलने फूल बोटावर घेतलं. बाहेरच्या तिन्ही पाकळ्यांच्या टोकाला हिरवा थेंब होता.

डेस्मंड भिंग लावून जवळ आला.

“तुझ्याकडे आहे ते असंच आहे?” बेरिलने विचारलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती त्याला ‘तू’ म्हणाली होती.

“असंच. हुबेहूब.”

बेरिलने फूल बोटावरून सोडलं. “म्हणजे ॲबिगेल हेच. तुला ग्लेनिसनेच हे दिलं असणार, माझं न्यायची तुला गरजच नव्हती. मीच कुठेतरी गफलत केली असणार, डेस्मंड. कुंड्या बदलताना माझ्याच हातून झालं असणार, आणि मी चोर तुला म्हटलं. चारचौघांत.”

डेस्मंडने रुमाल काढून भिंग पुसायला घेतलं. ते स्वच्छच होतं. “कांद्याचं मी बोललो ते चुकलंच,” तो म्हणाला. “कांदे तुझे चांगले येतात.”

शुक्रवारी ग्लेनिस कुबड्या घेऊन घरी आली. कोट न काढताच ती काचघराकडे निघाली. क्लेमंट मागोमाग गेला. घडल्यातलं काही सांगायचं नाही असं तिघांनी ठरवलं होतं. ग्लेनिस स्टुलावर बसली, सरळ रांगा पाहिल्या आणि एकेक पट्टी वाचायला लागली. पहिली रांग झाली, दुसरी झाली. तिचा चेहरा पांढरा पडत गेला.

“क्लेमंट, हे कोणी लिहिलं?”

“तूच. म्हणजे... अक्षर तुझंच आहे की.”

“क्लेमंट.”

मग त्याने सगळं सांगितलं. तारेच्या चोथ्यापासून बेरिलच्या माफीपर्यंत. सांगून झाल्यावर तो मान खाली घालून उभा राहिला. “किती चुकल्यात?”

“एकही नाही,” ग्लेनिस म्हणाली. “सगळ्या बरोबर आहेत. बारा वर्षांत पहिल्यांदाच.”

क्लेमंटने मान वर केली.

“आई गेली तो जून आठवतो? कंद काढून स्वयंपाकघरात टेबलावर वाळत घातले होते, अंड्यांच्या ट्रेमध्ये, प्रत्येक खळग्यात नावाची चिठ्ठी. फोन वाजला. दादाने सांगितलं की आई गेली. मी उठले ती टेबलाला धडकले. सगळे ट्रे जमिनीवर. मग आपण दहा दिवस तिकडे होतो. परत आले तर कंद सुकायला लागलेले. हाताला येतील तसे लावले, अंदाजाने नावं खोचली. म्हटलं, फुलं आली की दुरुस्त करू.”

“मग केली नाहीस?”

“थोडी केली. बाकीच्यांची खात्री नव्हती आणि विचारू कोणाला? विचारलं की कळलंच. त्याच्या आधीच ऑगस्टमध्ये दोन कंद देऊनही बसले होते. ॲबिगेल म्हणून. एक डेस्मंडला, एक बेरिलला.” ती थांबली. “त्या जेवणात ते भांडले तेव्हा मी मधेच बसले होते, क्लेमंट. तोंड उघडणार होते. तेवढ्यात तो कांद्याचं बोलला आणि ती उठून गेली. म्हटलं, उद्या सांगू. मग पुढच्या आठवड्यात सांगू. आठवड्याची वर्षं झाली. माझ्याकडचं खरं ॲबिगेल मी फळीखाली मागे लपवून ठेवलं होतं, पट्टीवर नाव न घालता. तू ते पुढच्या रांगेत आणून ठेवलंस.”

“लहान कुंडी होती,” क्लेमंट म्हणाला.

तो तिच्याजवळ खाली बसला. चव्वेचाळीस वर्षं तो या बाईच्या काटेकोरपणाला वचकून होता. घरात शिरताना बूट पुसायचा, चमचे मापाने ठेवायचा. ती आता कुबडीच्या मुठीवर हनुवटी टेकून रडत होती आणि काय करावं ते त्याला कळत नव्हतं. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला.

“बेरिलने माफी मागितली,” ती म्हणाली. “माझ्या चुकीची माफी बेरिलने मागितली. हे मी गिळून बसू शकत नाही.”

रविवारी लोक यायच्या आधी तिने दोघांना काचघरात बोलावलं आणि उभ्याने सांगितलं. बस म्हटलं तरी बसली नाही. ट्रे, फोन, ऑगस्टमधले दोन कंद, सगळं.

आधी बोलली ती बेरिल. “म्हणजे डेस्मंड माझ्याकडे खरंच मांजरासाठी येत होता?”

“फक्त मांजरासाठी,” डेस्मंड म्हणाला. मग तो ग्लेनिसकडे वळला. त्याचा आवाज अगदी हळू होता. “अकरा वर्षं, ग्लेनिस. दर फेब्रुवारीत तू आम्हाला दोघांना पत्र पाठवून जेवायला बोलवायचीस. जागा तूच लावायचीस. एक या टोकाला, एक त्या टोकाला.”

“हो.”

डेस्मंड टोपी घालून बाहेर पडला आणि शेतात लावलेल्या आपल्या गाडीत जाऊन बसला. बेरिल क्षणभर घुटमळली, मग तीही गेली. ग्लेनिसने काचेतून पाहिलं, बेरिल गाडीचं दुसरं दार उघडून आत बसत होती. गाडी निघणार असं वाटलं. गाडी निघाली नाही.

दहा वाजता लोक आले. ग्लेनिस काचघराच्या दारात कुबड्यांवर उभी राहिली आणि आत शिरणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगू लागली. “गेल्या बारा वर्षांत माझ्याकडून कंद नेला असेल, तर त्यावरचं नाव धरून चालू नका. माझ्या पाट्या चुकलेल्या होत्या.” क्लेमंट चहाचे कप भरता भरता लांबून ऐकत होता. आता कोणीतरी आवाज चढवेल, असं त्याला प्रत्येक वेळी वाटे.

लडलोहून आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी ते ऐकलं, मागे पुढे पाहिलं आणि ग्लेनिसच्या कानाशी तोंड नेलं. “माझ्या पाट्या कावळ्यांनी उपटल्या होत्या. सात साली. मी कोणाला बोलले नाही.” बाईंच्या मागे उभ्या असलेल्या कर्नलसाहेबांचा घसा एकाएकी खवखवायला लागला. त्यांच्याकडे पूर आला होता, नव्याण्णव साली. एका जोडप्याने एकमेकांकडे पाहिलं, आणि नवरा म्हणाला, “सांगून टाकू?” साडेअकरापर्यंत काचघराबाहेर रांग लागली होती. आतली फुलं बघून झालेली माणसंही पुन्हा रांगेत उभी राहत होती. परगण्यातल्या नावाजलेल्या बागांपैकी खात्रीची अशी बहुधा एकही उरली नाही. इतका मोकळा हसण्याचा आवाज त्या बागेत याआधी ऐकू आला नव्हता. स्नोड्रॉप पाहताना सहसा कोणी हसत नाही.

ग्लेनिस मात्र हसत नव्हती. तिचं लक्ष शेतातल्या गाडीकडे होतं. गाडीच्या काचा आतून वाफेने धूसर झाल्या होत्या, आणि येणारेजाणारे भुवया उंचावून पुढे जात होते.

पावणेदोन तासांनी दोन्ही दारं एकदम उघडली. डेस्मंड आणि बेरिल चिखलातून एकमेकांना सावरत आले. दोघांचे चेहरे लाल झाले होते.

“आम्ही तुला माफ करायचं की नाही, यावर बोलत होतो,” डेस्मंड म्हणाला. “बेरिलचं म्हणणं, करावं. माझं म्हणणं, इतक्यात नाही. त्यावरून आमचं भांडण झालं.”

ग्लेनिसने कुबड्या घट्ट धरल्या. “पुन्हा?”

“झालं तर झालं,” बेरिल म्हणाली. “पण या वेळी कोणी उठून गेलं नाही. हा बोलला, मी बोलले, हा पुन्हा बोलला. अजून संपलं नाही. उद्या त्याच्याकडे जेवायला जाणार आहे, उरलेलं तिकडे भांडू.”

“मग मी...” ग्लेनिस म्हणाली.

डेस्मंडने तिच्याकडे नीट पाहिलं. दोन दिवसांपूर्वी इस्पितळातून आलेली बाई सकाळपासून गारठ्यात उभी होती, ओठ निळे पडले होते.

“तू आधी बस,” तो रागानेच म्हणाला आणि आपली रबरी चटई दोन घड्या करून त्याने बाकावर टाकली. “उभं राहून काही माफी लवकर मिळत नाही. क्लेमंट, हिला गरम चहा आण. साखर जास्त घाल. आणि ते दार लावून घे, वारा येतोय.”